हाती खराटा, मुखी गोपाळाचं नाव : श्रीसंत गाडगेबाबा

आपल्या दिंडीची शंभर वर्षं भरली. या स्मरणिकेत संतांची चरित्रं यावीत असं मंडळींनी ठरवलं आणि गाडगेबाबांचं चरित्र आमच्या वाट्याला आलं. आम्ही शिकलो चौथी. दिवसा शेती नि रात्री कीर्तन, यात साठी उलटून गेली. तेव्हा पंडिताचं लिखाण यात सापडायचं नाही. कीर्तनात उभं राहून जसं सांगतो तसंच कागदावर मांडलं आहे. श्रोत्यांनी गोड मानून घ्यावं.

ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, तुकोबा हे आपल्या नित्यपाठातले. गाडगेबाबा त्या मानानं अगदी अलीकडचे. देवरूखातून आपल्या दिंडीची पहिली पावलं पंढरीच्या वाटेला लागली, त्याच काळात बाबा पंढरपुरात रस्ते झाडीत होते आणि धर्मशाळा बांधीत होते. आपल्या आजा-पणजांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलं असेल, आणि कोण हा वेडा म्हणून बाजूनं निघूनही गेले असतील. म्हणून ही गोष्ट पुराणातली नव्हे, कालपरवाची आहे.

बाबांचं पाळण्यातलं नाव डेबूजी. बापाचं नाव झिंगराजी, आईचं सखूबाई, आडनाव जानोरकर, जात परटाची. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडे शेंडगाव नावाचं गाव आहे, तिथं 23 फेब्रुवारी 1876 रोजी त्यांचा जन्म झाला. घरात दारू शिरली होती. जातीची जेवणं, देवाची जेवणं, कुठलाही सोहळा असो, बोकड कापायचा आणि दारू वाटायची हा रिवाज. झिंगराजी त्यातच गेले. डेबू तेव्हा लहान पोर. सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरकडच्या दापुरे गावी.

मामाच्या घरी डेबू गुरं राखू लागला. पुढं नांगर धरला. कामाला वाघ. पहाटे गोठा झाडायचा, गुरं धुवायची, दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री भजनाला जायचं. शाळा नाही, पाटी नाही. तिकडं मामाच्या जमिनीवर सावकाराचा डोळा. कागदावर अंगठा घेतला की कुणब्याला काय कळतंय त्यात काय लिहिलंय? जमीन गेली आणि त्या दुःखानं मामाही गेला. वाचता न येणाऱ्याची काय गत होते हे डेबूनं घरातच पाहिलं. पुढं आयुष्यभर बाबा लोकांना सांगत राहिले की भांडी मोडा, अंगावर चिंध्या घाला, पण पोरांना शाळेत घाला. त्याचं मूळ इथं आहे.

1892 साली डेबूजींचं लग्न कुंताबाईंशी झालं. संसार लागला. मुलगी झाली, बारसं आलं. जातभाई वाट बघत बसले होते की आता दारू येईल, मटण येईल. डेबूजींनी पंगत बसवली आणि पानावर गोडाचं जेवण वाढलं. लोक रागावले, टाकून बोलले. पण डेबूजी हलले नाहीत. माउली, इथं जरा थांबून विचार करावा. सोहळा कसा करावा याचा निर्णय त्यांनी पहिल्यांदा केला तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या पंगतीत. मग ते जगाला सांगायला निघाले.

1 फेब्रुवारी 1905 ला पहाटे त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं गोधडं, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. आपल्या कोकणात गडगा म्हटलं तर आवाराचा दगडी बांध डोळ्यांपुढं येतो. वऱ्हाडात गाडगं म्हणजे मडकं. त्यातच भाकरी घ्यायची, त्यातच कालवण, त्यातच पाणी प्यायचं, आणि डोक्यावर पालथं घातलं की तेच ऊनपावसाची टोपी. कुणी गोधडेबुवा म्हणे, कुणी चिंधेबुवा, पण शेवटी गाडगेबाबा हेच नाव राहिलं. एक भांडं किती कामाला येतं, हे त्या माणसाला पाहून कळावं. खाल्लं, धुतलं, पुन्हा तेच. मागं टाकायला काही उरतच नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. आम्ही ज्यासाठी हे चरित्र सांगायला घेतलं ती गोष्ट म्हणजे बाबा आणि जत्रा.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौष महिन्यात तिथं दर रविवारी यात्रा भरते. हजारो माणसं नदीत उतरायची. काठ मातीचा, ओल्या अंगानं माणसं वर चढायची नि सगळा चिखल व्हायचा. म्हातारी माणसं घसरून पडायची, बाया डोक्यावर गाठोडं घेऊन पडायच्या. पुण्य करायला आलेला माणूस कंबर मोडून घरी जायचा. सगळे बघत होते, कुणी काही करीत नव्हतं. बाबांनी कुदळ घेतली आणि कोरडी माती आणून टाकायला लागले, पायऱ्या खोदायला लागले. एकट्यानं. दोन घटका लोकांनी गंमत पाहिली. मग एकानं घमेलं उचललं, दुसऱ्यानं फावडं. 1908 साली त्या नदीवर पक्का घाट बांधला गेला. पुढं तिथं आंधळ्या-पांगळ्यांना, गोरगरिबांना जेवण सुरू झालं. आणि जेवणं झाल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलायला बाबाच पुढं असायचे.

बाबांचं कीर्तन हे असं चालायचं. आम्हीही कीर्तन करतो म्हणून आम्हाला त्याचं मोल जास्त कळतं. आमचं कीर्तन वीणा गळ्यात आली की सुरू होतं. त्यांचं कीर्तन गावात पाऊल टाकलं की सुरू व्हायचं. गावात शिरायचं, कुणाला ओळख द्यायची नाही, सरळ खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचं. गटार साफ करायचं. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री देवळापुढं उभं राहायचं. वेदान्त नाही, संस्कृत नाही. वऱ्हाडी बोलीत नुसते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. देवापुढं कोंबडं-बकरं कापता ते कुणाच्या सांगण्यावरून, तेराव्याला कर्ज काढता ते फेडणार कोण, माणसाला शिवत नाही आणि जनावराला कुरवाळता हा कुठला न्याय. लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे. दिवसा ज्याला भिकारी समजून हाकललं तोच रात्री बोलतोय, हे कळल्यावर मान खाली जायची. मग सगळे मिळून गोपाळाचं नाव घ्यायचे.

कुणी पाया पडायला आला तर बाबा काठी उगारायचे. त्यांनी चेले केले नाहीत, गुरुमंत्र दिला नाही, मठ स्थापून गादीवर बसले नाहीत.

मग पंढरपूर. बाबा वारीला यायचे, पण राउळात दर्शनाला जाण्याची त्यांना घाई नसायची. ते असायचे चंद्रभागेच्या वाळवंटात आणि गल्ल्यांत. तो काळ आठवा. लाखांनी माणूस जमायचा, संडास नाही, मोरी नाही, पिण्याच्या पाण्याची सोय नाही. जत्रेत पटकी सुरू झाली की वारकरी ती घेऊनच घरी यायचा आणि घराघरांत रडारड व्हायची. देवाच्या दारात सगळे पवित्र व्हायला यायचे आणि ज्या नदीत स्नान करायचे तिलाच घाण करून जायचे. ती घाण कोण उचलायचं? ज्यांना देवळाच्या पायरीला शिवू देत नव्हते तीच माणसं. घाण करणारा उंच आणि घाण काढणारा नीच, असा उलटा हिशेब. बाबांनी हातात खराटा घेतला तो नुसत्या केरकचऱ्यासाठी नव्हे. हा हिशेब त्यांना मोडायचा होता. घाण काढायला लाज नाही, करायला लाज वाटावी, हे त्यांनी बोलून नाही, वाकून दाखवलं.

वारकऱ्यांना राहायला जागा नव्हती म्हणून त्यांनी धर्मशाळा बांधायला घेतल्या. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती ज्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं त्यांच्यासाठी. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा क्षेत्रांच्या ठिकाणी त्यांच्या धर्मशाळा झाल्या. मुंबईत इस्पितळात दूरगावचे गरीब रोगी यायचे, त्यांच्या नातेवाइकांना रस्त्यावर झोपावं लागायचं, त्यांचीही सोय केली. लाखो रुपये लोकांनी दिले, पण बाबांनी एक पैसा घरी नेला नाही. सगळं विश्वस्तांच्या हवाली केलं आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर काही हक्क नाही हे पक्कं करून ठेवलं. बायको-आई झोपडीत राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर 1949 साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. न शिकलेल्या माणसानं येवढ्या शिकलेल्या माणसाला आपलं धन दिलं, ते गरिबाची पोरं शिकावीत म्हणून.

आता आपल्या भागातली गोष्ट. ही सांगताना आमचा गळा दाटतो. बाबांचा एकुलता एक मुलगा, गोविंदा. 1923 साली बाबा आपल्या कोकणात होते. राजापूरच्या पलीकडं खारेपाटण, आता ते सिंधुदुर्गात गेलं, तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथं कीर्तन चालू असताना गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही. येवढे कोट्यवधी जीव गेले, त्यातल्या एकासाठी वेगळं काय रडायचं, अशा अर्थाचं बोलून बाबांनी पुन्हा नाम धरलं. माउली, आम्हीही लेकराबाळांचे बाप आहोत. हे कुणाला जमेल असं आम्ही म्हणत नाही, आणि तसं करावं असंही सांगत नाही. पण समोर बसलेल्या परक्या माणसांत त्यांना आपली लेकरं दिसत होती, येवढं मात्र त्यावरून कळतं. ज्याला गावोगावची पोरं आपली वाटतात त्यालाच दुसऱ्याच्या गावचं गटार उपसावंसं वाटतं. खारेपाटणवरून एसटीनं जाताना आम्ही आजही हात जोडतो.

शेवटपर्यंत बाबा फिरतच राहिले. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे. आज मोबाईलवरही ऐकायला मिळतं, तरण्या कीर्तनकारांनी जरूर ऐकावं. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांचं शरीरही थकलं होतं. अमरावतीकडं नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांनी देह ठेवला. ना घरात, ना मठात. रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच गेला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. पुढं 2000 सालापासून सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, गावागावांत स्पर्धा लागली, हागणदाऱ्या बंद झाल्या. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव दिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला.

चरित्र इथं संपतं. पण चरित्र ऐकून आपण काय करायचं हे सांगितल्याशिवाय कीर्तनाचा उत्तररंग होत नाही.

आपण कोकणातले वारकरी. आषाढीला आपल्या शेतात लावणी असते, तरवा काढायचा असतो, म्हणून आपली खरी वारी माघीची. थंडीत आंबा घाट चढून, कोल्हापूर, सांगलीकडून आपली दिंडी जाते. वाटेत गावोगाव लोक चहा देतात, जेवण देतात, पाण्याच्या बाटल्या हातात ठेवतात. त्यांचा भाव मोठा आहे. पण आपण पुढं निघाल्यावर मागं काय राहतं, हे पुढं चालणाऱ्या पताकावाल्याला दिसत नाही. ते शेवटी चालणाऱ्याला दिसतं. आणि सगळ्यांत जास्त दिसतं ते त्या गावच्या बाईला, जी दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोळा करते.

हिशेब मांडून बघा. दोनशे माणसांची दिंडी धरा. एका माणसाला दिवसाची दोन जेवणं, म्हणजे दोन पत्रावळी आणि पाण्याचे दोन पेले, वर चहाचे दोन कप. दिवसाला सहा नग. दोनशे माणसांचे बाराशे. दहा दिवसांचे बारा हजार. ही एका दिंडीची गोष्ट झाली, आणि अशा किती दिंड्या पंढरीला जातात. कागदी कप म्हणतात खरं, पण त्याला आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो मातीत कुजत नाही. थर्माकोलच्या ताटांवर तर सरकारनं 2018 सालीच बंदी घातली आहे. गुरू उष्ट्याच्या वासानं ते खातं आणि पोट फुगून मरतं. आम्ही शेतकरी आहोत, गुराचं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको.

पूर्वी आपल्याकडं लग्नाच्या पंगतीला काय असायचं? केळीचं पान, नाहीतर फणसाच्या पानांची हीर टोचून केलेली पत्रावळ. जेवण झालं की पान गुराला, उरलेलं शेणखताच्या खड्ड्यात. चार महिन्यांत त्याचं खत होऊन भाताला जायचं. पंगतीचा कचरा म्हणून काही चीजच नव्हती. हे शहाणपण आपल्याच घरातलं, कुणाकडनं शिकायला जायला नको.

हे नुसतं वारीचं नाही. संक्रांतीला मार्लेश्वराची यात्रा भरते. मारळच्या डोंगरात येवढी निर्मळ जागा, वरून धबधबा पडतो, खाली बावनदी वाहते. यात्रा सरली की पायऱ्यांवर नि पाण्यात काय पडलेलं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिमग्याची पालखी, गणपतीचं विसर्जन, रात्रीचे कबड्डीचे सामने, जिथं माणूस जमतो तिथं हेच. आमच्या नातवंडांनी मोबाईलवर एकदा दाखवलं. 2022 साली कतार देशात फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. तिथं जपानी लोक सामना संपल्यावर पिशव्या घेऊन आपल्या बाकड्यांखालचा कचरा उचलत होते. सामना जिंकला म्हणून नव्हे, हरले त्या दिवशीही. नातवंडांना त्याचं नवल वाटलं. आम्ही त्यांना सांगितलं की बाळांनो, हे आपल्या पंढरपुरात बाबांनी शंभर वर्षांमागं केलंय. आपण त्यांची तसबीर लावली आणि खराटा विसरलो.

यावर दिंडीत दोन बोलणी निघतात. एक असं, की आपण नामस्मरणाला निघालो, पत्रावळी मोजायला नाही. दुसरं असं, की दात्यानं प्रेमानं दिलेली बाटली नाकारली तर त्याचं मन दुखेल. दोन्ही बोलणी खोटी नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे. पहिल्याचं उत्तर बाबांच्या चरित्रात आहे. झाडताना त्यांचं नाम सुटलं नाही. हात कामात आणि मुखात नाम, हे तर आपल्या संप्रदायात पहिल्यापासून चालत आलं आहे. सावता माळ्यानं मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडलं नाही. दुसऱ्याचं उत्तर असं, की दात्याला आधी कळवायचं. मुक्कामाच्या गावी आपला माणूस दोन दिवस आधी जातोच, जागा बघायला. त्यानंच हात जोडून सांगावं की आमच्याकडं ताट-तांब्या आहे, तुम्ही पिंपात पाणी आणि पातेल्यात चहा ठेवा, बाटल्या-कपांचा खर्च वाचेल त्याचा शिरा करा. कुणाचंही मन दुखायचं नाही, उलट शिरा मिळेल.

तेव्हा या शताब्दीच्या सालात सगळ्यांनी मिळून काही गोष्टी ठराव्यात अशी आमची विनंती आहे. दर वारकऱ्याच्या पडशीत स्वतःचं स्टीलचं ताट, वाटी आणि तांब्या असावा. जेवल्यावर ते ज्याचं त्यानं धुवावं, पुरुषांनीही, बायकांवर ढकलू नये. दिंडीच्या शेवटी विणेकऱ्याइतक्याच मानानं दोन झाडकरी असावेत, हिराचा खराटा नि गोणपाट घेऊन, आणि ती पाळी रोज बदलावी. त्यात मानकरी, कीर्तनकार, अध्यक्ष कुणी सुटू नये. पहिली पाळी आम्ही घेऊ. उघड्यावर बसू नये. पालखीच्या वाटेवर आता फिरती शौचालयं मिळतात, पंढरपुरात पासष्ट एकरावर सोय झाली आहे, तिचा उपयोग करावा. माणसानं माणसाचा मैला उचलू नये असा 2013 सालचा कायदा आहे, आणि तो मोडायची पाळी आपल्यामुळं कुणावर येऊ नये.

आणि पहिली परीक्षा लांब नाही. शताब्दीचा काला आपल्याच देवरूखात आहे. पंचक्रोशीतली माणसं येतील, मुंबईचे चाकरमानी येतील, हजारांनी पंगती उठतील. खाली सप्तलिंगी नदी आहे. पंगतीला केळीची पानं आणि फणसाच्या पत्रावळी घालायच्या तर आठ दिवस आधीपासून गावोगाव पानं जमवावी लागतील, टोचावी लागतील. बाजारातून गठ्ठे आणणं सोपं आहे हे आम्हाला कळतं. पण वाडीवाडीतल्या म्हाताऱ्या बाया अजून पत्रावळ टोचायला विसरलेल्या नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावलं तर आनंदानं येतील. त्यांच्या शेजारी पोरीबाळींनी बसावं, भजन म्हणत काम व्हावं. फणसाची पानं आमच्या परसातली लागतील तेवढी घेऊन जावीत.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मंडपात यावं. खराटे आम्ही आणून ठेवतो.

राम कृष्ण हरी.